घरात यावयाचा पहिला कुत्रा

कुत्रा पाळावयाचा असे घरात एकदा ठरले, म्हणजे त्या संध्याकाळपासून ज्या चर्चेस आरंभ होतो ती बहुधा रूपाची असते. मुलाला निळ्या डोळ्यांचा हस्की हवा असतो, मुलीला मांडीवर मावणारा शिट्झू, वडिलांना फाटकाशी नुसता उभा राहिला तरी परका माणूस दोन पावले मागे सरेल असा जर्मन शेफर्ड. आणि ज्या आईवर अथवा आजीवर त्या जनावराच्या खाण्यापिण्याचा, आजारपणाचा आणि सकाळच्या फेरीचा बहुतेक भार पुढे पडावयाचा असतो, तिचे मत विचारण्याचे अगत्य क्वचितच कोणी दाखवितो. रूप पाहून केलेली ही निवड वर्षभरात पुष्कळ घरांना जड जाते, आणि त्याची खरी किंमत बिचारे जनावर भरते. पुण्यात कोथरूडकडे दवाखाना असलेले एक ज्येष्ठ पशुवैद्य मला म्हणाले, “लोक कुत्रा आणल्यावर माझ्याकडे येतात. आणण्यापूर्वी अर्धा तास कोणी येऊन बसला, तर पुढची निम्मी दुखणी मी तिथल्या तिथे वाचवीन.” हा लेख त्या अर्ध्या तासाची भरपाई करू शकणार नाही, परंतु त्या अर्ध्या तासात कोणते प्रश्न विचारावयास हवेत, एवढे तरी नवख्या पालकापुढे मांडावे असा माझा हेतू आहे.

आज आपण ज्यांना निरनिराळ्या जातींचे कुत्रे म्हणून ओळखतो, त्यांतील प्रत्येकाच्या रक्तात एक वतन आहे, आणि वतनदाराप्रमाणे तो त्या वतनाची कामगिरी बजावावयास सदैव उत्सुक असतो. मालकाने ते काम दिले नाही, तर तो स्वतःच कोठे तरी ते शोधून काढतो. लॅब्रॅडॉरचे पूर्वज कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावर कोळ्यांच्या सोबत बर्फगार पाण्यात उतरून जाळी आणि निसटलेले मासे ओढून आणीत. तेथून हे कुत्रे इंग्लंडात गेले, शिकारीत पडलेले पाखरू दातांची खूणही न उमटविता उचलून आणण्याचे काम त्यांना मिळाले, आणि 1903 साली तेथील केनेल क्लबने त्यांना स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. जर्मन शेफर्डची घडण 1899 मध्ये माक्स फॉन श्टेफानित्स या माजी घोडदळ अधिकाऱ्याने आरंभिली. दिवसभर मेंढरांच्या कळपाभोवती फिरत राहून मेंढपाळाच्या एका शब्दावर वळणारा कुत्रा त्याला हवा होता. डॉबरमनची हकीगत तर आपल्या जुन्या महसुली दप्तरात शोभावी अशी आहे: जर्मनीतील आपोल्डा गावचा कार्ल फ्रीडरिश लुई डॉबरमन हा करवसुलीचे काम करी, आणि वसुलीच्या फेरीत रकमेचे व स्वतःचे रक्षण व्हावे म्हणून त्याने ही जात सिद्ध करावयास घेतली. बीगल हा ससा हुंगीत जाणाऱ्या टोळीतला. पायी चालणाऱ्या शिकाऱ्यांना टोळी कोठे पोचली हे कळावे म्हणून त्याचा कंठ मुद्दाम मोठा राखला गेला. ही सारी कामे आता उरलेली नाहीत. तरी ती ज्या वृत्तींवर उभी होती त्या वृत्ती जिवंत आहेत, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांतही त्या आपला हक्क सांगतात. शेजारी तक्रार करतात की तुमचा बीगल दुपारभर ओरडतो. तो पिढ्यान्‌पिढ्या सोपविलेली कामगिरीच पार पाडीत असतो.

यासाठी हस्कीचे उदाहरण जरा विस्ताराने घेतो, कारण गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातील शहरांत या जातीचे जे वेड पसरले त्याइतके क्लेशदायक या विषयात मला दुसरे काही आढळले नाही. सायबेरियाच्या ईशान्य टोकाला चुकची लोकांनी घसरगाडी ओढण्यासाठी हे कुत्रे वाढविले. 1925 च्या जानेवारीत अलास्कातील नोम या गावी घटसर्पाची साथ आली, तेव्हा प्रतिविषाच्या कुप्या घेऊन कुत्र्यांच्या जोड्या टप्प्याटप्प्याने सुमारे 1,085 किलोमीटर बर्फ तुडवीत साडेपाच दिवसांत तेथे पोचल्या. त्या कामगिरीतील टोगो आणि बाल्टो हे कुत्रे जगप्रसिद्ध झाले. ही क्षमता ज्या देहात आहे तो देह दुहेरी आवरणाचा असतो: आत दाट लोकर, वर पाणी झटकणारे राठ केस. माणसासारखा घाम कुत्र्याला अंगभर येत नाही. तो तापतो तेव्हा जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच त्याचा मुख्य उपाय, आणि हवाच तापलेली किंवा दमट असली म्हणजे तो उपायही अपुरा पडतो.

एप्रिलच्या एका दुपारी मी अशा एका हस्कीच्या घरी गेलो. दिवाणखान्यातील वातानुकूलन यंत्र चालू होते, पडदे ओढलेले होते, आणि कुत्रा न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर पोट टेकून पडला होता. मी आत डोकावलो तेव्हा त्याने मान उचलली, शेपटीने फरशीवर दोनदा हळूच थाप दिली, आणि पुन्हा मान टाकली. सोफ्याच्या कडेला, पंख्याच्या पात्यांवर, डाळीच्या डब्याच्या झाकणावरदेखील त्याचे पांढरे केस होते. घरची बाई सांगत होती, की पहाटे पाचला आणि रात्री दहानंतर असे दोनदा त्याला बाहेर न्यावे लागते. मधल्या वेळात वीज गेली की सगळ्यांचा जीव टांगणीला लागतो. तिचे त्या कुत्र्यावर अपार प्रेम होते. परंतु धावण्याची जन्मजात ओढ असलेल्या त्या प्राण्याला वर्षातले चार महिने न्हाणीघरात काढावे लागतात ही वस्तुस्थिती त्या प्रेमाने बदलत नव्हती. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर किंवा नागपूर येथे राहणाऱ्या नवख्या पालकाने हस्की, सेंट बर्नार्ड, अलास्कन मॅलम्यूट या जातींचा विचारही मनात आणू नये, असे मी येथे निःसंकोच लिहितो. कोणी कितीही हौशी असला तरी नागपूरचा मे महिना त्याच्या हौसेला बांधलेला नाही.

पगची व्यथा निराळी आहे. 2003 साली हच या भ्रमणध्वनी कंपनीच्या जाहिरातीत एका लहान मुलाच्या मागोमाग चालणारा पग घराघरांत पोचला आणि या जातीला मागणी आली. तो स्वभावाने गोड, आटोपशीर, लहान घरात सहज सामावणारा असतो, हे सर्व खरे. परंतु त्याचा चपटा चेहरा ही देखणेपणासाठी केलेली शारीरिक तडजोड आहे. नाकपुड्या अरुंद, टाळूचा मऊ भाग प्रमाणाबाहेर लांब, श्वासमार्ग दाटलेला. म्हणून तो घोरतो, म्हणून थोड्या धावण्याने त्याची जीभ निळसर होते, आणि म्हणून उन्हाळ्यात तो इतरांच्या कितीतरी आधी कोसळतो. नुसत्या घोरण्याला लोक कौतुकाने हसतात. वस्तुतः तो आवाज श्वासासाठी चाललेल्या धडपडीचा असतो.

मग लॅब्रॅडॉर? नवख्या माणसाला सर्वांत अधिक वेळा दिला जाणारा सल्ला हाच, आणि काही अटींवर तो योग्यही आहे. माणसाच्या सांगण्याकडे लक्ष देण्याची जी वृत्ती शिकारी कुत्र्यांच्या या शाखेत शतकभर जोपासली गेली, तिच्यामुळे शिकविणाराचे कौशल्य बेताचे असले तरी हा कुत्रा शिकतो. मुलांशी सहसा प्रेमाने वागतो. पाहुण्यांवर धावून जात नाही. परंतु त्याची भूक ही एक स्वतंत्र बाब आहे. 2016 मध्ये केंब्रिज येथील संशोधकांनी असे दाखविले, की सुमारे चौथ्या हिश्शाच्या लॅब्रॅडॉर कुत्र्यांत पीओएमसी नावाच्या जनुकाचा काही भाग गळालेला असतो, आणि त्यामुळे भूक भागल्याची जाणीव मंदावून त्यांचा अन्नाकडे ओढा वाढतो. पोळीचा तुकडा दे, बिस्किट दे, प्रसादाचा शिरा दे, असे करीत ज्या घरात प्रत्येक जण आपापल्या परीने माया करतो, तेथे हा कुत्रा तीन वर्षांत ओळखू येत नाही इतका फुगतो, आणि मग त्याचे कमरेचे व कोपराचे सांधे बोलू लागतात. आपल्या नव्या सदनिकांतील गुळगुळीत फरशी या दुखण्याला हातभार लावते. वाढत्या वयाच्या जड पिलाचे मागचे पाय तिच्यावर सतत घसरतात. खर्च फारसा नाही, जागोजागी सतरंजी किंवा रबरी पट्ट्या अंथराव्यात. लॅब्रॅडॉरच्या लोंबत्या कानांत पावसाळ्यात दमटपणा साचून संसर्ग होतो, त्यासाठी आठवड्यातून एकदा कान पाहून कोरडे करावेत. एवढी दक्षता आणि दिवसाकाठी दीड तास चालणे-धावणे ज्या घराला शक्य आहे, त्याने हा कुत्रा आणण्यास हरकत नाही. गोल्डन रिट्रीव्हरही त्याच गुणाचा; फक्त त्याच्या लांब केसांत गोचीड लपतात, आणि गोचिडांमुळे येणारा ताप महाराष्ट्रात कुत्र्यांच्या मृत्यूस वारंवार कारण होतो, हे विसरू नये.

लहान घरांसाठी एक जुना, विस्मृतीत गेलेला पर्याय आहे. पांढरे शुभ्र केस, टोकदार तोंड आणि पाठीवर वळलेली शेपटी असलेला जो कुत्रा मराठी घरांत वर्षानुवर्षे ‘पॉमेरेनियन’ या नावाने वावरला, तो बहुतांशी इंडियन स्पिट्झ होय. 1994 च्या ‘हम आपके हैं कौन’ या चित्रपटातील टफी हा त्याच जातीचा. चाळीच्या खोलीत, वाड्याच्या सोप्यावर, दहा बाय बाराच्या घरात या कुत्र्यांनी बारा-बारा, चौदा-चौदा वर्षे काढली, साधे घरचे अन्न खाऊन काढली, आणि आपला उन्हाळाही सोसला. तो भुंकतो पुष्कळ आणि लहान मुलांनी कान-शेपटी ओढलेली खपवून घेत नाही. सात-आठ वर्षांखालील मुले घरात असतील तर सांभाळावे. उलटपक्षी निवृत्त जोडप्याला याहून सोयीचा सोबती मिळणे कठीण. डाशहुंड हाही निवृत्तांना आवडतो, पण ज्यांची इमारत विनालिफ्टची आहे त्यांनी त्याच्या लांब पाठीचा विचार करावा. जिने उतरताना कण्याच्या चकत्यांवर येणारा ताण या जातीत पक्षाघातापर्यंत जाऊ शकतो.

आपल्या मुलुखाचा म्हणून ज्या कुत्र्याविषयी अभिमानाने बोलले जाते तो कारवान अथवा मुधोळ. मुधोळ संस्थानचे मालोजीराव घोरपडे यांनी या शिकारी कुत्र्यांची पैदास पद्धतशीर सुरू केली आणि पंचम जॉर्ज बादशहाला एक जोडी नजर केली, ही हकीगत त्या भागात आजही सांगितली जाते. 2005 मध्ये टपाल खात्याने रामपूर, राजपालयम आणि हिमालयन मेंढपाळ कुत्र्यांबरोबर मुधोळलाही तिकिटावर स्थान दिले. 2016 मध्ये भारतीय लष्कराने मेरठच्या केंद्रात त्याला प्रशिक्षणासाठी घेतले. बागलकोट जिल्ह्यातील तिम्मापूरला या जातीसाठी शासकीय संशोधन केंद्र आहे. एवढा गौरव ऐकून शहरी माणसाला वाटते, की स्वदेशी, काटक, कमी खर्चाचा, म्हणजे हाच आपला पहिला कुत्रा. जत तालुक्यातील एका वस्तीवर मी गेलो, तेव्हा ज्वारीच्या खळ्याशेजारी एक मादी उभी होती: निमुळते तोंड, आत ओढलेले पोट, मोजता येतील अशा बरगड्या, आणि नजर माझ्यावर न ठरता माझ्या पलीकडच्या बांधावर लागलेली. मी हात पुढे केला तशी ती एक पाऊल मागे सरली. गुरगुरली नाही, जवळही आली नाही. क्षणभराने बांधावर काही हलले, आणि मी मान वळवीपर्यंत ती शेताच्या मध्यावर पोचली होती. तिचा धनी म्हणाला, “ह्येला साखळीला घातलं की ह्ये झुरतंय बगा. शेरातली दोगं घिऊन गेली हुती, सा म्हैन्यात परत आणून सोडलं.” सकाळी भाकरी आणि दूध, संध्याकाळी भाकरी आणि ताक, आणि मधला सारा दिवस मोकळे रान, असे तिचे आयुष्य होते. हलत्या वस्तूमागे सुटणे हा नजरेने शिकार करणाऱ्या कुत्र्याचा धर्म आहे. शहरात ती वस्तू मांजर असते, दुचाकी असते, आणि त्याची दोरी नवख्याच्या हातातून एकदाच सुटावी लागते. ज्याचे शेत आहे, कुंपणबंद आवार आहे, त्याने कारवान अवश्य पाळावा. सदनिकेतल्या नवख्याने पाळू नये, हे मी या कुत्र्याविषयीच्या आदरापोटीच म्हणतो.

येथवर जातीविषयी एवढे लिहून झाल्यावर तिची मर्यादाही सांगणे प्राप्त आहे. 2022 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या वर्तनाचा आणि त्यांतील दोन हजारांहून अधिक कुत्र्यांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष असा, की एका कुत्र्याचे वागणे दुसऱ्याहून वेगळे का, याचे उत्तर जातीतून सुमारे 9 टक्केच मिळते. सांगितलेले ऐकण्याकडे कल, उचलून आणण्याची आवड, गळा काढून ओरडणे अशा कामाशी निगडित गोष्टींत जात बरेच काही सांगते. भित्रेपणा, चिडखोरपणा, अनोळख्याशी मोकळेपणा यांविषयी फार थोडे. यातून दोन गोष्टी निघतात. धोकादायक जाती अमुक आणि निर्धोक अमुक, अशी यादी करून प्रश्न सुटत नाही. केंद्र शासनाने मार्च 2024 मध्ये 23 जातींवर बंदी घालण्यास राज्यांना कळविले होते, ते परिपत्रक कर्नाटक उच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात रद्द केले. तरीही रॉटवायलर, पिटबुल, केन कोर्सो यांच्यासारखा अंगात प्रचंड बळ असलेला कुत्रा नवख्याच्या हाती असू नये, कारण स्वभाव कसाही निघाला तरी चावा घेतलाच तर त्याची तीव्रता जबड्याच्या बळावर ठरते. आणि दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची: जात ठरल्यावर निवड संपत नाही, पिलू आणि त्याची आई पाहण्याचे काम तेथून सुरू होते.

जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी मेन राज्यातील बार हार्बर येथे पाच जातींच्या कुत्र्यांवर प्रदीर्घ प्रयोग करून 1965 मध्ये जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याने हे स्पष्ट झाले, की वयाच्या तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिलाच्या पुढील स्वभावाचा पाया घालतो. या मुदतीत त्याने आईची शिस्त, भावंडांची झोंबाझोंबी, माणसांचे स्पर्श, कुकरची शिट्टी, झाडूचा आवाज अनुभवला असेल, तर ते जगाला सरावते. अंधाऱ्या पिंजऱ्यात काढला असेल, तर पुढे कितीही माया केली तरी त्यातील काही उणीव भरून येत नाही. म्हणूनच 2017 च्या केंद्रीय नियमांनी आठ आठवड्यांहून लहान पिलाची विक्री मना केली आहे आणि पैदास करणाऱ्याला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची केली आहे. बाजारात मात्र पाच आठवड्यांची पिले सर्रास दिसतात, कारण त्या वयात ती सर्वांत गोजिरी दिसतात. पैदासकाराकडे गेल्यावर आई दाखवा असे आधी म्हणावे. ती दुसऱ्या गावी आहे, आजारी आहे, आताच फिरावयास नेली आहे, असे उत्तर आले तर नमस्कार करून निघावे. आई समोर आली, परक्या माणसाजवळ शांत राहिली, पिले तिच्याभोवती निर्भयपणे खेळत असली, तर त्यांतील मधले पिलू घ्यावे. सर्वांना ढकलून पुढे येणारे नको, कोपऱ्यात दबलेलेही नको. चेन्नईच्या केनेल क्लब ऑफ इंडियाचा दाखला वंशावळ सांगतो, प्रकृती सांगत नाही. मोठ्या जातीत आईबापांच्या खुब्यांची क्ष-किरण चित्रे मागण्याचा अधिकार आपल्याला आहे आणि तो बजावावा.

परंतु पिलूच हवे हा हट्ट तरी का? या सबंध विषयात माझे काही ठाम मत असेल तर ते हे, की पहिला कुत्रा वयात आलेला असावा आणि शक्यतो गावठी असावा. दीड-दोन वर्षांच्या कुत्र्याचा आकार कळलेला असतो, भुंकणे कळलेले असते, मुलांशी आणि मांजरांशी तो कसा वागतो हेही सांभाळणारा सांगू शकतो; पिलाबाबत यांतले सारे अंदाजाचे असते, आणि नवख्याला अंदाज करता येत नाही. गावठी कुत्र्याची पैदास कोणी रूपासाठी केली नाही. आपल्या उन्हाळ्याने, पावसाने आणि रस्त्याने जे टिकू दिले तेच टिकले. म्हणून त्याचे नाक मोकळे, पाय सरळ, केस आखूड, वजन बहुधा पंधरा ते पंचवीस किलो, आणि जातिवंत कुत्र्यांना छळणारे पुष्कळ आनुवंशिक रोग त्याच्यात विरळा. तो परक्यावर लक्ष ठेवतो, घरच्या माणसांची चाहूल जिन्यातच ओळखतो. अर्थात प्रत्येक गावठी कुत्रा घरचा होतोच असे नाही. वर्षानुवर्षे गल्लीत मोकळा वावरलेला, चार दुकानदारांच्या ओळखीचा प्रौढ कुत्रा चौथ्या मजल्यावर नेऊन कोंडणे हा त्याच्यावरचा जुलूम ठरू शकतो. निवारागृहात किंवा एखाद्या कुटुंबात काही महिने राहिलेला, दोरीला सरावलेला असा कुत्रा पाहावा. डाव्या किंवा उजव्या कानाचे टोक कापलेले असेल तर त्याची नसबंदी झालेली आहे असे समजावे. ती खूण त्यासाठीच असते. देणाऱ्या संस्थेने दोन-तीन आठवडे कुत्रा घरी ठेवून पाहण्याची सवलत दिली तर ती जरूर घ्यावी, आणि त्या काळात घरातील प्रत्येकाने त्याला एकट्याने फिरावयास नेऊन पाहावे.

ज्या घरात दोघेही सकाळी नऊला जाऊन रात्री आठला परततात आणि मध्ये कोणी येत नाही, त्या घराने तूर्त कोणत्याच जातीचा कुत्रा आणू नये. गृहनिर्माण संस्थेच्या भीतीने मात्र कोणी मागे हटू नये: भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बहुमताचा ठराव करूनही संस्थेला पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही; आपल्याकडून जिना, उद्वाहन आणि आवार स्वच्छ राखण्याचा जिम्मा चोख पाळला गेला पाहिजे, एवढेच. कुत्रा घरी आणण्याच्या आठवड्यातच त्याचे लसीकरणाचे पुस्तक घेऊन पशुवैद्याकडे जावे, पिलू असेल तर तीन महिने पूर्ण होताच रेबीजची पहिली लस टोचून घ्यावी, वयस्क कुत्र्याच्या लसीची तारीख पुस्तकात नसेल तर ती झालेली नाही असे धरून पुन्हा द्यावी, आणि महानगरपालिकेचा परवाना काढून त्याचा बिल्ला गळपट्ट्याला लावावा.